ओदिलियोचा आमदार

ओदिलियो मेंचाका फार कठोर काळजाचा माणूस होता. हे आम्हाला कळलं ते त्याच्याच तोंडून, आणि एकदा नव्हे, हजारदा. "जनावर म्हणजे किलो," हे त्याचं लाडकं वाक्य. ते तो किराणा दुकानात बोलायचा, घोड्यांच्या शर्यतीला बोलायचा, आणि एकदा तर मयताच्या घरी, लोक डोळे पुसत असताना बोलला होता. बायकोने, म्हणजे नेल्बाने, कोपराने ढोसलं तेव्हा कुठे गप्प बसला.

पासो देल तालाच्या पुढे, ओढ्याच्या वळणावर त्याचं कुरण होतं. आमच्या उरुग्वेच्या मानाने तुकडाच, पण गवत गुणाचं. पानगळीच्या दिवसांत तो उत्तरेकडच्या खडकाळ टेकड्यांवरून हाडकुळे, खच्ची केलेले गोऱ्हे विकत आणायचा. फासळ्या मोजून घ्याव्यात असे. थंडीत त्यांना ओटच्या हिरव्या रानात सोडायचं, वसंतात तिपानी गवतावर न्यायचं, शेवटच्या महिन्यांत संध्याकाळी मूरघास आणि ज्वारीचा भरडा घालायचा. मग पाठ टेबलासारखी सपाट झाली आणि शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चरबीच्या गाठी धरल्या, की माल तयार. ट्रक बोलवायचा, कत्तलखान्याला रवाना करायचा, आणि पुन्हा टेकड्यांकडे हाडकुळे आणायला जायचं. त्याच्या बापाने आयुष्यभर दुसऱ्यांची गुरं घोड्यावरून हाकली. ओदिलियोने स्वतःची पोसली. या गोष्टीचा त्याला अभिमान होता आणि तो असायलाही हवा होता.

आता कठोरपणाचं म्हणाल, तर तिपानी गवताचं पाहा. दवाने ओलं झालेलं ते गवत उपाशी जनावराने ओरपलं की पोट फुगतं आणि बघता बघता जनावर आडवं होतं. म्हणून हा माणूस वसंतभर झुंजूमुंजू होताच वाळकी वैरण घेऊन कळपात शिरायचा. आधी कोरडं खाऊ घालायचं, मग कुंपणाची तार उघडायची. इथवर ठीक. पण वैरण टाकून झाली तरी स्वारी तिथेच. एकेकाच्या कुशीवर थाप मारत, कानामागे खाजवत, हवापाण्याच्या गप्पा मारत.

"काय म्हणाले तुझे किलो?" नेल्बा स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची. "रात्री थंडी नाही ना वाजली त्यांना?"

"मी तब्येत बघतो त्यांची, म्हातारे. ज्याला हात लावू देतं ते जनावर धावपळ करत नाही. धावपळ नाही तर चरबी टिकते. हा धंदा आहे."

"हो का? मग त्या तांबड्याला काल गाणं म्हणून दाखवलंस, तेही चरबीसाठीच ना?"

यावर तो डोक्यावरची गोल टोपी पुढे ओढायचा आणि पवनचक्कीला तेल घालायची आठवण काढायचा. त्या पवनचक्कीला जितकं तेल मिळालं तितकं आमच्या तालुक्यात कुठल्याच यंत्राला मिळालं नसेल.

त्या घरात एक नियम होता. जो स्वतःचा चारा कमावत नाही तो ट्रकमध्ये चढतो. नियम अर्थातच ओदिलियोने केलेला. अंडी न देणारी कोंबडी, न हाकणारा कुत्रा, लंगडा घोडा, सगळ्यांना लागू.

"आणि नवरा?" नेल्बाने एकदा विचारलं होतं.

या नियमात फुलटाइम नोकरी धरून बसलेलं एकच जनावर होतं: आमदार. कबऱ्या अंगाचा, एक शिंग खाली वाकलेला, सुस्त बैल. काही वर्षांपूर्वी तोही किलो म्हणूनच आला होता. पण ट्रक आला त्या दिवशी बाकीचे सगळे ट्रकवर चढवायच्या लाकडी बोळाच्या तोंडाशी अडून बसले आणि हा मात्र शांतपणे चढण चढून वर गेला. त्याच्यामागून सगळे गेले. ओदिलियोने ट्रकच्या तोंडाशी त्याला बाजूला काढलं आणि तेव्हापासून तेच त्याचं काम झालं. बोळ जिथे ट्रकला भिडतो तिथे डाव्या हाताला एक छोटं फाटक केलं. आमदार कळपाला घेऊन वर चढायचा, फाटकाशी क्षणभर थांबायचा, ओदिलियो दोरी ओढायचा, फाटक उघडायचं, आमदार बाहेर. फाटक बंद. मागचे सरळ ट्रकमध्ये. असा म्होरक्या आमच्याकडे बऱ्याच रानांवर असतो. पण नाव ठेवलं ते नेल्बाने. "सगळ्यांना पुढे घालून नेतो, आणि वेळ आली की स्वतः बाजूच्या दाराने निसटतो. याला दुसरं काय म्हणणार?"

काम झालं की आमदार खाली उतरून पाण्याच्या हौदाशी उभा राहायचा आणि नेल्बा त्याला वाडगाभर भरडा आणून द्यायची. तो त्याचा भत्ता.

घात झाला तो माते या आमच्या पेयामुळे. आमच्या माणसाच्या एका हातात त्या कडू पाल्याचा वाडगा आणि काखेत गरम पाण्याचा थर्मास नसेल, तर तो एकतर झोपलेला असतो नाहीतर मेलेला. त्या सकाळी ट्रक घेऊन वॉशिंग्टन आला होता. वॉशिंग्टन पिरिस, आमच्या भागातला सगळ्यात जाडा ड्रायव्हर आणि सगळ्यात मोठा वादपटू. ओदिलियो फाटकाशी उभा. उजव्या हातात माते, डाव्या काखेत थर्मास, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत फाटकाची दोरी. याच पद्धतीने त्याने आजवर सगळे ट्रक भरले होते.

"दॉन ओदिलियो, रविवारी बरगड्या भाजल्या," वॉशिंग्टन सहज म्हणाला. "मांस निखाऱ्यावर ठेवायच्या आधीच मीठ चोळलं. काय चव आली म्हणून सांगू!"

"आधी?" ओदिलियो म्हणाला.

"आधी."

"अरे, आधी मीठ चोळलंस तर सगळा रस बाहेर येतो! शेवटी घालायचं असतं, शेवटी! तुझ्या आईने तुला काही शिकवलं की नाही?"

बोळातून खुरांचा आवाज जवळ येत होता. आमदार वर आला, फाटकाशी थांबला. नेमकं तेव्हाच ओदिलियोला मुद्दा ठसवायचा होता. उजव्या हातातलं माते तो कशाला खाली ठेवतोय? काखेतला थर्मास कशाला सोडतोय? त्याने डाव्या हाताची ती दोन बोटं वर केली आणि वॉशिंग्टनच्या नाकासमोर नाचवली. दोरी सुटली. मागच्यांनी रेटा दिला, आणि आमदार कसलीही कुरकुर न करता कर्तव्यबुद्धीने ट्रकमध्ये शिरला. वाद रंगात आला होता, बैल एकामागून एक चढत होते, ओदिलियो पुढचा मुद्दा मांडत होता. माल चढला. वॉशिंग्टनने दार लावलं, निरोप घेतला, धूळ उडाली.

नेल्बा भरड्याचा वाडगा घेऊन बाहेर आली. हौदाशी गेली. मग फाटकाशी आली.

"आमदार कुठाय?"

ओदिलियोने हौदाकडे पाहिलं. दोरीकडे पाहिलं. मग हातातल्या मातेकडे पाहिलं आणि ते त्याने आयुष्यात पहिल्यांदाच, वाडग्यात पाणी शिल्लक असताना, जमिनीवर ठेवलं.

त्याची स्वतःची गाडी महिनाभर विटांवर उभी होती. तो शेताडीतून धावत शेजारच्या एल्बियोकडे गेला. एल्बियो त्याच्याच वयाचा, लहानपणापासूनचा दोस्त, आणि अशा संधीची चाळीस वर्षं वाट पाहणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं, शांतपणे टोपी शोधली, गाडीची काच पुसली.

"चल रे बाबा, चल!"

"चाललोच की. पण मला एक सांग," गाडी कशीबशी सुरू करत एल्बियो म्हणाला, "कत्तलखाना त्याचेही पैसे देणारच ना? चांगला वजनदार आहे. मग आपण कशामागे पळतोय?"

"म्होरक्या तयार करायला वर्षं लागतात. हा हिशेबाचा प्रश्न आहे."

"अस्सं. हिशेबाचा." गाडी डुलत डुलत रस्त्याला लागली. एल्बियोने समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला हात केला, मग दूधवाल्या बाईसाठी गाडी हळू केली. "आणि हिशेबाने माणसाचा आवाज असा कापरा होतो होय रे?"

"एल्बियो, मी तुझा गळा दाबीन."

"दाब, पण मग गाडी कोण चालवणार?"

कत्तलखान्याच्या फाटकातून एकदा ट्रक आत गेला की जनावर परत आणणं पोपलाही शक्य नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ओदिलियो पुढच्या काचेला नाक लावून बसला होता आणि प्रत्येक वळणावर उजवा पाय दाबत होता, जणू ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर त्याच्याच बाजूला आहेत. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे, खानावळीसमोर, वॉशिंग्टनचा ट्रक उभा दिसला. देवाने त्या माणसाला भूक दिली होती म्हणून आमदार वाचला. वॉशिंग्टन आत बसून तळलेल्या मांसाच्या कापावर दोन अंडी घालून खात होता.

"उतरव त्याला!" ओदिलियो दारातूनच ओरडला.

वॉशिंग्टनने घास गिळला. "कुणाला?"

"आमदाराला!"

खानावळीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. सगळं समजल्यावर वॉशिंग्टन हसला, मग ओदिलियोचा चेहरा बघून हसायचा थांबला. "दॉन ओदिलियो, अडचण अशी आहे की तो सगळ्यात आधी चढला. म्हणजे पार पुढे, माझ्या केबिनच्या पाठीला टेकून उभा आहे. त्याला काढायचं तर सगळे काढावे लागतील. आणि चढउताराच्या धक्क्याशिवाय उतरणार कसे?"

मग पुलापलीकडच्या एका मोठ्या रानावर विनवण्या करून त्यांचा धक्का मागितला, ट्रक मागे मागे घेऊन लावला, सगळे बैल खाली घेतले. शेवटी आमदार आला. त्याचे चारही पाय थरथरत होते, अंगाला घामाने चिकटलेलं शेण, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. ओदिलियो त्याच्याकडे गेला तर तो मागे सरकला. असं त्याने कधी केलं नव्हतं. ओदिलियोने हात पुढे करून तसाच धरून ठेवला, बराच वेळ, आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहिला. काय बोलला ते एल्बियोला ऐकू आलं होतं. पण गावभर सगळ्या गोष्टी सांगणाऱ्या एल्बियोने ते मात्र कधी कुणाला सांगितलं नाही.

बाकीच्यांना पुन्हा चढवताना आमदार उपयोगाचा नव्हता. तो धक्क्याच्या जवळही येईना. माणसं, कुत्री, आरडाओरडा, फडकी हलवणं, सगळं झालं. बैल घाबरून धावले, एकमेकांवर आपटले. शेवटी कसेबसे चढले. किती किलो त्या धावपळीत वाया गेले असतील? ओदिलियोने त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

घरी आणल्यानंतर आमदाराने काम सोडलं. रिकामा बोळ असला तरी तो तिकडे फिरकेना. ट्रकचा आवाज रस्त्यावरून नुसता गेला तरी तो ओढ्याच्या टोकाला जाऊन सगळ्यांकडे पाठ करून उभा राहायचा. ओदिलियोने भरड्याची लालूच दाखवली, गोड बोलला, रागावला. एक दिवस त्याने स्वतः बोळात चढून, फाटकातून बाहेर येऊन, पुन्हा चढून दाखवलं. आमदार रवंथ करत बघत राहिला.

"राजीनामा दिलाय त्याने," नेल्बा म्हणाली. "जनतेत जायचं म्हणतोय."

"मग नियम त्यालाही लागू," ओदिलियो म्हणाला. "जो चारा कमावत नाही तो ट्रकमध्ये."

नेल्बाने कांदा चिरायचा थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. लोकांनी त्याला खूप चिडवलं होतं. दुकानात शिरलं की कुणीतरी विचारायचं, "काय दॉन ओदिलियो, जनावर म्हणजे किलो ना? मग आमदारसाहेबांची तब्येत?" आयुष्यभर जे वाक्य तो जगाला ऐकवत आला, ते आता जग त्याला ऐकवू लागलं होतं. म्हणून पुढची खेप तयार झाल्यावर त्याने पवनचक्कीच्या टेकडीवर, जिथे रेंज मिळते तिथे, उभं राहून वॉशिंग्टनला फोन केला आणि मोठ्याने सांगितलं, "एकाची जागा जास्त ठेव." एवढ्या मोठ्याने, की खाली अंगणात नेल्बाला ऐकू जावं.

ट्रकच्या सकाळी आमदार इतरांबरोबर गुरांच्या वाड्यात होता. ओदिलियोनेच आणला होता, आणि तो बिचारा ओळखीच्या हाताच्या मागे निमूट आलाही होता. आता मात्र त्याला ट्रक दिसला होता. वाड्याच्या पार मागच्या कोपऱ्यात, कुंपणाला अंग घासत तो उभा होता. त्याची अस्वस्थता बाकीच्यांना लागली. कुणीच बोळाकडे येईना.

वॉशिंग्टनने विजेची काठी काढली. "दोन चटके दिले की सरळ होतात, दॉन ओदिलियो. त्या कबऱ्यालाच पहिला देतो."

"ठेव ती खाली."

"अहो, मग चढणार कसे?"

"ठेव म्हणतो ना!"

ओदिलियो वाड्यात शिरला. गुरांच्या मधून वाट काढत मागच्या कोपऱ्यापर्यंत गेला, मागचं फाटक उघडलं आणि आमदाराच्या पुठ्ठ्यावर सणसणीत थाप मारली. "चल, नीघ! हरामखोरा! फुकट्या! दिसू नकोस मला!" आमदार ओढ्याच्या दिशेने असा पळाला की त्याच्या वयाला शोभेना. कुंपणावर बसलेला एल्बियो काहीतरी बोलायला तोंड उघडणार होता. नेल्बाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

आता पुढे कोण? ओदिलियोने भरड्याची बादली उचलली. रोज संध्याकाळी कुंडात ओतायचा तीच. बादलीवर दोनदा बोटांनी वाजवलं, तोंडाने तो नेहमीचा लांबलचक आवाज काढला, आणि बोळात शिरला. मागे वळून न बघता चढण चढू लागला.

ते आले. आधी एक, मग दोन, मग सगळे. काठी लागली नाही, कुत्रा लागला नाही. लाकडी फळ्यांवर खुरं संथपणे वाजत होती. ओदिलियोला मानेवर त्यांचा गरम श्वास जाणवत होता. अगदी त्याच्या पाठीशी होता तो पांढऱ्या कपाळाचा, थंडीत खोकल्याने झुरलेला, ज्याला त्याने गोणपाट पांघरलं होतं. त्याने ओदिलियोच्या कोपराशी तोंड आणून बाही चाटली. ओदिलियो ट्रकच्या तोंडाशी पोचला. समोर अंधार होता आणि तिथला वास होता. तेवढ्यात डाव्या हाताला फाटक उघडलं. दोरी नेल्बाच्या हातात होती. दोन्ही हातांनी दोरी धरून ती उभी होती.

तो बाहेर पडला. फाटक मिटलं. पांढऱ्या कपाळाच्या बैलाने क्षणभर फटीतून बाहेर बघितलं, बादली कुठे गेली ते शोधत, आणि मग मागच्यांच्या रेट्याने आत गेला.

"वा!" ट्रकचं दार लावत वॉशिंग्टन म्हणाला. "म्हणजे आता आमदार तुम्हीच म्हणायचे, दॉन ओदिलियो!"

वाक्य चांगलं होतं. एरवी त्यावर महिनाभर हशा पिकला असता. पण ओदिलियो हातातली बादली घेऊन तसाच उभा होता, आणि त्याच्या गालांवरून जे ओघळत होतं ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. वॉशिंग्टनने टोपीला हात लावला आणि गाडी हळूच काढली.

"ते माझ्यामागून आले, नेल्बा," तो म्हणाला. "काही न विचारता आले. माझ्यामागून."

नेल्बाच्या जिभेवर टोमणा नव्हता. तिने त्याच्या हातातून बादली काढून घेतली.

"ते तर नेहमी तुझ्यामागूनच जात होते रे, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "मधे फक्त आमदार होता."